पाणी खरं, नदी खोटी

वाळवंट बघायला माणसं पदरचे पैसे खर्चून जातात, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. तोवरचा माझा अनुभव अगदी उलटा होता. आमच्या माण तालुक्यातली माणसं कोरड्या रानाकडे पाठ करूनच घराबाहेर पडायची. कुणी मुंबईला माथाडी कामाला, कुणी ऊसतोडीला, कुणी गलाईच्या धंद्यात पार बंगालपर्यंत. मी बाहेर पडलो तो पाटबंधारे खात्यात. जिथे पाणी नाही तिथून निघालो आणि जन्मभर पाण्याचीच चाकरी केली.

डिसेंबर २०१९ची गोष्ट. आम्ही दोघं मुलाकडे लॉस एंजेलिसला गेलो होतो. नाताळच्या आधीचा आठवडा. चिरंजिवांनी चार दिवसांचा बेत आखला होता. पहिला दिवस डिस्नेलँड, मग मोटारीनं डेथ व्हॅलीचं वाळवंट, तिथे दोन मुक्काम आणि येताना वेगळ्या रस्त्यानं परत. "नातीसाठी डिस्नेलँड आणि तुमच्यासाठी वाळवंट," असं तो म्हणाला तेव्हा मी विचारलं, "माझ्यासाठी वाळवंट कशाला? मी त्यातच वाढलोय." तो नुसता हसला.

या प्रवासात माझ्या बॅगेत एक कागद होता. गावाकडे आमची वडिलोपार्जित अकरा एकर जमीन आहे. कोरडवाहू, खडकाळ, पाऊस झाला तर बाजरी, नाही तर कुसळं. उपसा सिंचनाचं पाणी तालुक्याच्या काही भागात येऊ लागलं तसं तिलाही गिऱ्हाईक आलं होतं. विकायची म्हणजे मुलाची संमती हवी. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा वकिलाकडून करून घेतला होता. सही झाली की पुढचे सोपस्कार वकिलातीतून उरकायचे. प्रवासात निवांत वेळ मिळेल, तेव्हा बोलू, असा माझा हिशेब होता.

डिस्नेलँडबद्दल मी नाक मुरडूनच गेलो, हे कबूल करतो. माणशी शंभर डॉलरच्या वर तिकीट, वर प्रत्येक पाळण्यापुढे पाऊण-पाऊण तासाची रांग. पण आत शिरलो आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. अनाहाइम गावातल्या १६० एकरांच्या संत्र्यांच्या बागा विकत घेऊन वॉल्ट डिस्नेनं इथे १९५४च्या जुलैत काम सुरू केलं आणि १७ जुलै १९५५ला बागेचं उद्घाटन झालं. एका वर्षात! आमच्या खात्यात एवढ्या वेळात भूसंपादनाची नोटीससुद्धा निघत नसे. उद्घाटनाच्या आधी प्लंबरांचा संप झालेला. त्यामुळे संडास चालू करायचे की पिण्याच्या पाण्याच्या तोट्या, असा पेच पडला. डिस्नेनं संडास निवडले. त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं आणि प्यायला पाणी नाही म्हणून लोक चिडले होते.

बागेत 'रिव्हर्स ऑफ अमेरिका' नावाची एक नदी आहे. तिच्यातून मोठी आगबोट फिरते. ही नदी पहिल्यांदा भरली तेव्हा पाणी सगळं जमिनीत मुरून गेलं. संत्र्याच्या बागेची रेताड माती ती! मग शोधाशोध करून चिकणमाती आणली आणि तळाला तिचं अस्तर दिलं, तेव्हा नदी टिकली. हे मी सौ.ला मोठ्या रसानं सांगितलं. गळती आणि अस्तरीकरण यांत माझी पस्तीस वर्षं गेली आहेत. ती म्हणाली, "इथे तरी कालवा सोडा आणि त्या हत्तींकडे बघा."

हत्ती होते 'जंगल क्रूझ'मध्ये. बोटीतून जंगल दाखवतात, काठावर यंत्राचे हत्ती आंघोळ करतात, सोंडेतून पाणी उडवतात. पाणी गढूळ हिरवट. तो रंग मुद्दाम मिसळलेला असतो. खाली बोटीचा रूळ आहे तो दिसू नये म्हणून. माझी आठ वर्षांची नात तिथलीच. मराठी बोलते, पण मला 'तू' म्हणते. सूनबाई दटावते, मी म्हणतो असू दे. तिनं विचारलं, "आजोबा, हे पाणी खरं आहे का रे?"

"पाणी खरं आहे," मी म्हटलं, "नदी खोटी."

तिला हे फार आवडलं. मग दिवसभर तिचा तोच खेळ. दिवे खरे, किल्ला खोटा. झाड खोटं, चिमणी खरी. 'बिग थंडर' नावाच्या आगगाडीत तिनं मला ओढून बसवलं. तांबूस डोंगर, सुळके, त्यांतून गाडी भन्नाट धावते. हे सुळके युटा राज्यातल्या ब्राइस कॅन्यनवरून घेतलेत. खालचा सांगाडा पोलादी, वर सिमेंट आणि त्यावर इतकं सफाईदार रंगकाम की बाहेर आल्यावर मी बोटानं ठोकून पाहिलं. माझी टोपी उडाली नाही आणि कंबर शाबूत राहिली, एवढंच त्या गाडीबद्दल सांगतो. पण रात्री आतषबाजी बघताना नात माझ्या खांद्यावर झोपली. त्या शंभर डॉलरांबद्दल मी पुन्हा बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. सौ.नं आदल्या रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. शहर मागे पडलं, काहोन खिंड चढलो आणि पलीकडे एकदम मोहावीचं वाळवंट सुरू झालं. खुरटी झुडपं, मधूनच हात वर करून उभी असलेली जोशुआची झाडं, लांबवर काळे-करडे डोंगर. बार्स्टो गेलं, बेकर आलं. बेकर म्हणजे चार पेट्रोलपंपांचं गाव, पण तिथे एक तापमापक उभा आहे, १३४ फूट उंचीचा. डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, त्याची ही आठवण. या नोंदीवर काही हवामानशास्त्रज्ञ शंका घेतात, पण जागतिक उच्चांक म्हणून ती अजून टिकून आहे. आमच्याकडे उन्हाळ्याचं कुणी स्मारक केलं नाही. करायचं म्हटलं तर जागा भरपूर आहे.

बेकरहून मोठा रस्ता सोडून उत्तरेला वळलो. तासाभरानं एका सपाट, पांढुरक्या पट्ट्याशी मुलानं गाडी बाजूला घेतली. बाभळीसारखी झुडपं आणि मधून कोरडी वाळू. "बाबा, ही अमारगोसा नदी," तो म्हणाला. नेवाडातून निघून सुमारे १८५ मैलांचा वळसा घेऊन ती डेथ व्हॅलीत संपते. समुद्राला मिळत नाही. तिचा बहुतेक प्रवाह जमिनीखालून जातो. वर दिसते ती वाळू. नावाचा अर्थ स्पॅनिशमध्ये 'कडू'.

नातीनं वाळूवर पाय आपटून विचारलं, "म्हणजे ही नदी खोटी?"

मी काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "नाही गं. ही नदी खरी. पाणी खाली आहे. माझ्या आजीनं मला अशीच नदी दाखवली होती."

आणि मग तो सांगत बसला. मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्याला गावी सोडायचो. माझी आई होती तोवर. ती त्याला पहाटे माणगंगेच्या पात्रात घेऊन जायची. वाळूत हातभर खड्डा करायचा आणि गप्प बसून राहायचं. आधी वाळू काळी पडते, मग कडेनं पाणी गोळा होतं. पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं आणि मग वाटीनं घागर भरायची. "एका घागरीला किती वाट्या, ते मी मोजायचो," तो म्हणाला. "आजी म्हणायची, नदी झोपलीय, तिला उठवायचं नाही, हळू घ्यायचं."

मी गप्प उभा. ही गोष्ट मला माहीत नव्हती. झरे मीही उपसले होते, पण ते मला लाजिरवाणं वाटायचं. १९७२च्या दुष्काळात अठरा वर्षांचा असताना मी आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला. पुण्यात बिऱ्हाड केल्यावर त्यातलं चकार शब्दानं मुलाला सांगितलं नाही. त्याला यातलं काही माहीत नसावं म्हणूनच तर मी शिकलो, असं मला वाटे. आणि त्यानं तर त्या वाट्या मोजून ठेवल्या होत्या.

त्या दिवशी संध्याकाळी झॅब्रिस्की पॉइंटवर पोचलो. खाली पिवळ्या, तपकिरी, करड्या मातीच्या घड्या पसरलेल्या, जणू कुणी धोतर पिळून वाळत टाकलंय. लाखो वर्षांपूर्वी इथे सरोवर होतं. हा त्याच्या तळाचा गाळ आहे, नंतर उचलला गेलेला आणि पावसानं कोरलेला. नात ओरडली, "हे तर बिग थंडरसारखं आहे!" नक्कल तिनं आदल्याच दिवशी पाहिलेली, त्यामुळे अस्सल तिला नकलेसारखं वाटत होतं. मी तिला हसलो खरा, पण माझंही वेगळं काय होतं? मी इतका वेळ सौ.ला हेच सांगत होतो की हा डोंगर अगदी आपल्या म्हसवडकडच्या माळासारखा दिसतो. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं तिवईवर कॅमेरे लावून सूर्य मावळण्याची वाट बघत होती. कुणी बोलत नव्हतं. उजाड मातीसमोर माणसं देवळातल्यासारखी उभी राहिलेली मी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅडवॉटर. उत्तर अमेरिकेतली ही सर्वांत सखल जागा, समुद्रसपाटीच्या खाली २८२ फूट. मागच्या कड्यावर उंच एक पाटी लावली आहे, 'सी लेव्हल'. मान वर करून समुद्राची पातळी बघायची! आयुष्यभर लेव्हल लावून उंच-सखल मोजणाऱ्या माणसाला यासारखी गंमत नाही. समोर मैलोन्मैल मिठाचा पांढरा तळ, त्यापलीकडे अकरा हजार फुटांचं टेलिस्कोप शिखर, माथ्यावर बर्फ. वर्षाला पाऊस सरासरी दोन-अडीच इंच. म्हणजे आमच्या माणाला 'पाणलोट' म्हणावं लागेल! कड्याखाली एक छोटं डबकं आहे. एका मोजणीदाराच्या खेचरानं ते पाणी तोंडात घेतलं नाही, म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. नातीनं मिठाला बोट लावून चाखलं. "खरं आहे," तिनं निकाल दिला.

'डेथ व्हॅली' हे नाव १८४९ साली सोन्याच्या शोधात निघून वाट चुकलेल्या प्रवाशांनी मागे ठेवलं. ते अडकले, कसेबसे बाहेर पडले आणि जाताना दरीला मृत्यूचं नाव देऊन गेले. पण त्याच दरीत तिंबिशा शोशोनी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते. झऱ्यांच्या आधारानं, मेस्किटच्या शेंगा वेचून, उन्हाळ्यात डोंगरावर जाऊन. त्यांना हे नाव कधीच पटलं नाही. १९३३ साली सरकारनं दरी राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली आणि हे लोक आपल्याच जागेत उपरे झाले. १९९४ साली ती राष्ट्रीय उद्यान झाली. अखेर २००० साली अमेरिकन संसदेनं कायदा करून साडेसात हजार एकरांहून जास्त जमीन त्यांना परत दिली. फर्नेस क्रीकला त्यांची वस्ती आजही आहे.

हे वाचताना मला आमच्या तालुक्याच्या नावामागे हटकून लागणारा 'दुष्काळी' हा शब्द आठवला. तो सरकारी कागदावर आम्हीच लिहायचो. मीही शेकडो वेळा लिहिला असेन. तिथे जन्मलेल्या माणसानंसुद्धा कधी थांबून विचार केला नाही की माझी आई या रानाला काय म्हणत होती. ती फक्त 'आपलं रान' म्हणायची.

चौथ्या दिवशी पश्चिमेकडचे दोन घाट ओलांडून ओवेन्स खोऱ्यात उतरलो. समोर सिएरा नेवाडाची बर्फाची भिंत, तिच्यात माउंट व्हिटनी, १४,५०५ फूट. अलास्का आणि हवाई सोडून अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर. आणि आम्ही सोडून आलेल्या सर्वांत सखल जागेपासून सरळ रेषेत जेमतेम ८५ मैल. पण माझं लक्ष होतं खाली. तिथे एक मोठं सरोवर असायला हवं होतं आणि होता एक राखाडी माळ.

या सरोवराची कथा आमच्या व्यवसायात शिकवण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिस वाढत होतं आणि पाणी पुरत नव्हतं. शहराचे पाणीपुरवठा अभियंता होते विल्यम मुलहॉलंड. कॉलेजात न गेलेला हा माणूस १८७८ साली कालव्यावर पाटकरी म्हणून कामाला लागलेला. त्यानं २३३ मैलांचा जलवाहक आखला. एकही पंप नाही, पाणी केवळ उतारानं शहरात येतं. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी पाणी पोचलं. असा आलेख कागदावर नुसता पाहिला तरी माझ्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. पण हे पाणी मिळवायला शहराच्या वतीनं खोऱ्यातल्या जमिनी आधी गुपचूप घेतल्या गेल्या. आपण जमिनीबरोबर नदी विकतोय, हे विकणाऱ्या पुष्कळांना कळलंच नाही. १९२४ साली संतापलेल्या शेतकऱ्यांनी हा जलवाहक सुरुंगानं उडवला. दुरुस्त होऊन पाणी वाहत राहिलं. सरोवर आटलं आणि त्याचा तळ अमेरिकेतल्या धुळीच्या सर्वांत मोठ्या उगमांपैकी एक झाला. आता ती धूळ बसवण्यासाठी शहरालाच तिथे पुन्हा पाणी सोडावं लागतं. खुद्द मुलहॉलंडचं सेंट फ्रान्सिस धरण मार्च १९२८मध्ये फुटलं, चारशेच्या वर माणसं गेली आणि त्यानं दोष स्वतःच्या माथ्यावर घेतला. पानशेत फुटलं तेव्हा मी सात वर्षांचा होतो. पुढे खात्यात आल्यावर त्या १२ जुलैचं नाव निघालं की मोठमोठे साहेब आवाज खाली आणत.

रस्त्यालगत डोंगरउतारावर तो जाडजूड नळ अधूनमधून दिसत होता. नात खिडकीशी होती. "आजोबा, हे कसलं पाणी?"

"नदीचं."

"मग नदी कुठाय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. २००६ सालापासून नदीच्या ६२ मैलांच्या कोरड्या पात्रात थोडं पाणी पुन्हा सोडलंय, हे मुलानं तिला सांगितलं. तिचं समाधान झालं. माझं झालं नाही. आम्हीही नकाशावर अशाच रेघा ओढल्या. रेघेच्या एका टोकाला ऊस उभा राहिला आणि दुसऱ्या टोकाच्या माणसांना आम्ही 'प्रकल्पग्रस्त' हे नाव दिलं. त्या पाण्यानं घरं उभी राहिली, माझंही राहिलं. ते काम चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण विकणाऱ्याच्या बाजूला उभं राहून तो व्यवहार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

लोन पाइनला चहा प्यायला थांबलो, तेव्हा कागद बाहेर काढला. मुलानं शांतपणे वाचला. "बाबा, जमीन तुमची आहे. तुम्ही म्हणाल तिथे सही करतो," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण हिला एकदा दाखवून आणू. डिस्नेलँड बघितलं, डेथ व्हॅली बघितली. मग आपलं रान का नाही? जूनमध्ये हिची शाळा सुटली की येतो. नंतर विका." मी कागद पुन्हा बॅगेत ठेवला.

पुढचा जून आला तो २०२०चा. मार्चमध्येच डिस्नेलँडला कुलूप लागलं होतं. ते एप्रिल २०२१च्या अखेरीला निघालं. विमानं बंद, आम्ही दोघं पुण्यात फ्लॅटमध्ये. गिऱ्हाइकाचे फोन येत होते. मी म्हणायचो, नात यायचीय.

ती आली जून २०२२मध्ये. तोवर साडेदहा वर्षांची झाली होती. पावसानं ओढ दिलेली, रान तापलेलं. तिला घेऊन आम्ही अकरा एकरांच्या चारही बांधांवरून फिरलो. तिनं एकदाही विचारलं नाही की इथे बघण्यासारखं काय आहे. मग तिला नदीत झरा खोदायचा होता. पण माणगंगेत वाळू राहिली होती कुठे? उपसून उपसून पात्रात खडक आणि चिखलाचे खड्डे उरलेले. ती वाळू ट्रकांतून शहरांकडे गेली. माझ्या फ्लॅटच्या भिंतीत कुणाच्या नदीची वाळू आहे, हे मी कधी विचारलं नव्हतं. चुलतभावानं आम्हाला एका वळणावर नेलं. तिथे थोडी वाळू शिल्लक होती. बाप-लेकींनी कोपरापर्यंत हात घालून खड्डा केला. अर्धा तास बसलो. पाणी काही आलं नाही. तळाची वाळू मात्र काळी पडत गेली. नातीनं तिच्यावर तळवा टेकवला आणि म्हणाली, "आजोबा, ओल आहे."

ऑगस्ट २०२३मध्ये एका चक्रीवादळाचा पाऊस डेथ व्हॅलीवर कोसळला आणि बॅडवॉटरच्या त्या मिठाच्या तळावर चक्क सरोवर उभं राहिलं. पुढच्या फेब्रुवारीत तर लोक तिथे होड्या वल्हवत होते. मुलानं फोटो पाठवला. खाली नातीनं मराठीत लिहिलं होतं, 'आता पाणी पण खरं, तळं पण खरं.'

कागद अजून माझ्या कपाटात आहे, कोरा. चुलतभाऊ रान वाट्यानं करतो. वरच्या अंगाला आम्ही दोन ताली घालून घेतल्या, तेवढीच माती अडते. गिऱ्हाईक दिवाळीच्या सुमाराला अजूनही फोन करतं. भाव दर वर्षी थोडा चढवून सांगतं. मी त्याला अजून नाही म्हणालेलो नाही. पण पाऊस किती झाला, हे मात्र आधी विचारून घेतो.